फाळणीनंतरचे दोन पंजाब आणि दोन्हीकडची भाऊबंदकी (लाहोर आणि शिमला, १९४७ ते १९५१)

दप्तरबंद

मंडळी,

भारतात पहिली राष्ट्रपती राजवट कुठे लागली, असं विचारलं की बहुतेक जण डोळे मिटून केरळ सांगतात. १९५९, नंबुद्रीपाद, विषय संपला. प्रत्यक्षात तो मान पंजाबचा आहे, २० जून १९५१. तिथे विरोधकांचं सरकार नव्हतं. सरकार काँग्रेसचं, बहुमत काँग्रेसचं आणि सरकार घालवलं तेही काँग्रेसनेच.

त्याच्या अडीच वर्षं आधी, जानेवारी १९४९ मध्ये, सीमेपलीकडे लाहोरात हेच घडलं होतं. सरकार मुस्लिम लीगचं, बहुमत लीगचं, बरखास्ती लीगच्याच केंद्र सरकारकडून. एका प्रांताचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकड्यांत सत्ताधारी पक्ष आपल्याच हाताने आडवा झाला. हा योगायोग मला बरेच दिवस छळत होता, म्हणून हा धागा.

लाहोरपासून सुरुवात करतो, कारण तिथली पात्रं जास्त रंगीत आहेत.

पश्चिम पंजाबचे पहिले मुख्यमंत्री (तेव्हा प्रीमियर म्हणत) म्हणजे इफ्तिकार हुसेन खान, ममदोतचे नवाब. १९४० च्या लाहोर अधिवेशनात पाकिस्तानचा ठराव झाला, त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष यांचे वडील शाहनवाज खान. ते १९४२ साली वारले आणि प्रांतिक लीगची गादी मुलाकडे आली. घराण्याची जहागीर होती फिरोजपूर जिल्ह्यात. म्हणजे ज्या पाकिस्तानसाठी घराण्याने सगळं पणाला लावलं तो मिळाला आणि जहागीर राहिली भारतात! पन्नास लाखांहून जास्त निर्वासित अंगावर आलेल्या प्रांताचा मुख्यमंत्री स्वतःच निर्वासित झाला होता.

अर्थमंत्री मियाँ मुमताज दौलताना. वय अवघं ३१, ऑक्सफर्डचं शिक्षण, बोलण्यात समाजवाद, आणि मुलतानकडे लुड्डनला भरपूर जमीन, जी फाळणीत जागची हलली नाही. महसूलमंत्री शौकत हयात, फाळणीपूर्व पंजाबात सत्तेवर असलेल्या युनियनिस्ट पक्षाचे बडे नेते सर सिकंदर हयात यांचे चिरंजीव. आणि चौथे मियाँ इफ्तिकारुद्दीन, पुनर्वसन मंत्री. हे गृहस्थ एकेकाळी पंजाब काँग्रेसचे अध्यक्ष होते. कवी फैज ज्याचे संपादक होते ते 'पाकिस्तान टाइम्स' यांचंच. यांनी मंत्रिमंडळात सांगितलं की हिंदू-शीख सोडून गेलेली जमीन पुरणार नाही, बड्या जमीनदारांच्या जमिनीला मर्यादा घाला आणि उरलेली निर्वासितांना द्या. सांगितलं कोणाला, तर बड्या जमीनदारांना. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी राजीनामा दिला. सरकार जेमतेम तीन महिन्यांचं होतं.

मग उरलेल्यांचं आपसांत सुरू झालं. ममदोत एकीकडे, दौलताना आणि शौकत दुसरीकडे. गव्हर्नर सर फ्रान्सिस मुडी हे जुने आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतले इंग्रज अधिकारी. ते ममदोतांच्या कारभाराबद्दल जिनांना कराचीला पत्रं धाडत. एप्रिल १९४८ च्या अखेरीस जिनांनी तिघांनाही कराचीला बोलावून घेतलं आणि दौलतानांना म्हटलं, तुम्ही सरकार चालवा. दौलताना नाही म्हणाले! ज्या खुर्चीसाठी एवढा खटाटोप, ती कायदेआझम स्वतः हातात देत असताना. मला विचाराल तर या माणसाचा हिशेब पक्का होता. आमदार त्या वेळी ममदोतांकडे होते. वरून नेमणूक घेऊन आलेला मुख्यमंत्री चार महिनेही टिकला नसता. मे महिन्यात दौलताना आणि शौकत सरकारातून बाहेर पडले, ममदोत राहिले, आणि दौलतानांनी मोर्चा वळवला पक्षाकडे. नोव्हेंबर १९४८ मध्ये ते प्रांतिक लीगचे अध्यक्ष झाले. सरकार एकाचं आणि पक्ष दुसऱ्याचा. जिना सप्टेंबरमध्ये वारलेले. जानेवारीत गव्हर्नर-जनरल नाझिमुद्दीन यांनी मंत्रिमंडळ आणि विधानसभा दोन्ही मोडीत काढून गव्हर्नरची राजवट लावली.

आता शिमला. पूर्व पंजाबला राजधानीच नव्हती. लाहोर गेलं, चंदीगड अजून नकाशावर यायचं होतं, म्हणून सरकार शिमल्याला आणि कचेऱ्या जिथे छप्पर मिळेल तिथे. मुख्यमंत्री डॉ. गोपीचंद भार्गव. प्रतिस्पर्धी भीमसेन सच्चर. दोघांचीही हयात लाहोरच्या राजकारणात गेलेली. गटबाजी नवी अजिबात नव्हती. १९३० च्या दशकात लाहोरची काँग्रेस डॉ. सत्यपाल आणि डॉ. गोपीचंद यांच्या दोन तटांत उभी चिरली होती. लोक घरंदारं टाकून आले, पण काँग्रेसवाल्यांनी आपापले गट मात्र शाबूत आणले.

पुढची यादी तारखांनीच देतो, टिप्पणीची गरज नाही. भार्गव ऑगस्ट १९४७ ते एप्रिल १९४९. सच्चर एप्रिल ते ऑक्टोबर १९४९. परत भार्गव, जून १९५१ पर्यंत. मग राष्ट्रपती राजवट. मग १९५२ च्या निवडणुकीनंतर परत सच्चर.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्हीकडे तत्त्वाच्या गप्पा पुष्कळ झाल्या, पण मुळाशी होतं ते गेलेल्यांचं मागे उरलेलं घबाड: जमिनी, घरं, दुकानं, गिरण्या. ते कोणाच्या सहीने वाटलं जाणार, हा प्रश्न होता. चुकत असेन तर खुशाल झोडपा.

---

चिंचबन

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण दौलतानांना तुम्ही फारच स्वस्तात निकालात काढलंत. १९४४ चा पंजाब लीगचा जाहीरनामा आठवा. तो डाव्या वळणाचाच होता, दानियल लतिफींनी लिहिलेला, आणि दौलताना तेव्हा त्याच गोटात होते. जहागीरदार नवाब विरुद्ध पुरोगामी मध्यमवर्ग असा हा सामना होता, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

दप्तरबंद

चिंचबन, तो जाहीरनामा मान्य. पण मग इफ्तिकारुद्दीन एकटे का पडले? जमिनीला मर्यादा घालायची खरी वेळ आली तेव्हा पुरोगामी दौलताना त्यांच्यासोबत बाहेर पडले नाहीत. बाहेर पडले ते सहा महिन्यांनी, स्वतःचं जमेना तेव्हा. लुड्डनची जमीन आणि मर्यादेचा कायदा एका म्यानात कसे राहणार?

मोहोळ_तात्या

लेख झकास, टंकनश्रमांना दाद. पण एक खुसपट काढतोच. सगळा दोष पुढाऱ्यांवर कशाला? हा मुडी काय धुतल्या तांदळाचा होता? इंग्रज गेला तरी त्याचा गव्हर्नर लाहोरात बसून दोघांना झुंजवत होता. शीख सीमेपलीकडे कसे जातात याची मला फिकीर नाही, गेले पाहिजेत, अशा अर्थाचं पत्र यानेच सप्टेंबर १९४७ मध्ये जिनांना लिहिलं होतं ना?

दप्तरबंद

हो तात्या, ५ सप्टेंबरचं पत्र, तोच मुडी. त्याला कोणी साधू म्हणत नाही. पण त्याने झुंजवलं म्हणून हे झुंजले, हे मला पटत नाही. पूर्व पंजाबात गव्हर्नर चंदुलाल त्रिवेदी होते. तेही आयसीएस, पण आपले. सरदार पटेलांचा पूर्ण विश्वास असलेला कडक प्रशासक. त्यांच्या नाकासमोरही भार्गव आणि सच्चर झुंजतच होते. दौलताना पक्षाचे अध्यक्ष झाल्यावर लीगवाले मुडीच्याच मागे लागले, आणि १९४९ च्या उन्हाळ्यात तो राजीनामा देऊन मायदेशी गेला. त्याच्या जागी ऑगस्टमध्ये सरदार अब्दुर रब निश्तर आले, पाकिस्तानी. भांडण थांबलं का?

उसंत

मला जमिनीचा मुद्दा नीट कळला नाही. पूर्व पंजाबात तर जमीनवाटप फार शिस्तीत झालं असं ऐकलं होतं. मग मंत्र्यांना त्यात चरायला कुरण कुठे उरलं?

दप्तरबंद

उसंत, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न, जरा सविस्तर लिहितो.

हिंदू-शिखांनी पश्चिमेला सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडली होती. पूर्वेला मुसलमानांनी सोडलेली मिळाली सुमारे ४७ लाख एकर. त्यातही पश्चिमेची कालव्याची, लायलपूर-मोंटगोमेरीची जमीन, आणि इकडची बरीचशी कोरडवाहू. एकराला एकर देणं शक्यच नव्हतं. पुनर्वसनाचे महासंचालक तरलोकसिंग यांनी दोन युक्त्या काढल्या. पहिली 'स्टँडर्ड एकर'. जिथे एकरी दहा-अकरा मण गहू निघतो ती जमीन म्हणजे एक स्टँडर्ड एकर. बागायत असेल तर कमी क्षेत्र, जिरायत असेल तर जास्त, पण किंमत सारखी. दुसरी युक्ती चढत्या कपातीची. पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के कपात, आणि वर वर जात पाचशे एकरांपुढच्या जमिनीवर ९५ टक्के. ज्याचे पाच एकर गेले त्याला पावणेचार मिळाले. ज्याचे हजारो गेले त्याच्या हातात त्यामानाने चिमूट आली.

पाच लाखांवर दावे आले होते. ते पडताळायला गावोगावच्या निर्वासितांना एकत्र बसवलं, म्हणजे कोणी फुगवून सांगितलं तर शेजारीच बोलणार. आपल्याकडे हद्दीच्या वादात तलाठी पंच गोळा करतो, तशातलाच प्रकार, फक्त अख्खं गाव परक्या मुलखात बसून मागे राहिलेल्या शिवाराची साक्ष देत होतं.

तर शेतजमिनीत सूत्र ठरल्यामुळे मंत्र्यांचा हात आखडला, हे तुमचं बरोबर. पण शहरातली घरं, दुकानं, कारखाने, परमिटं, कंट्रोलच्या मालाचे परवाने, बदल्या आणि बढत्या यांना असं कुठलं सूत्र होतं? लाहोरात तर शेतजमिनीलाही एवढं घट्ट सूत्र नव्हतं. म्हणून तिथलं भांडण लवकर पेटलं आणि लवकर फुटलं, असा माझा अंदाज. ममदोतांवर पुढे 'प्रोडा' कायद्याखाली खटला चालला. भ्रष्ट पुढाऱ्यांना अपात्र ठरवण्यासाठी हा कायदा १९४९ मध्ये खास केला होता आणि तो लागू केला १५ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणजे मागच्या तारखेने. बंगालचे माजी मुख्यमंत्री सुहरावर्दी यांनी ममदोतांचं वकीलपत्र घेतलं आणि नवाबसाहेब सुटले. मग त्यांनी लीग सोडून जिना मुस्लिम लीग काढली आणि पुढे सुहरावर्दींच्या अवामी लीगशी सोयरीक जुळवली.

वऱ्हाडी ठेचा

आमचे डॉ. खरे कसे काय आठवले नाहीत कोणाला? नागपूरवाल्यांना यात काहीच नवं नाही. १९३८, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे. एका बाजूला ते, रामराव देशमुख आणि गोळे, म्हणजे मराठी भाग. दुसऱ्या बाजूला रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता, म्हणजे महाकोशल, हिंदी भाग. खऱ्यांनी राजीनामा दिला, पण महाकोशलवाले राजीनामा देईनात. गव्हर्नरने त्यांना काढलं आणि खऱ्यांना नवं सरकार बनवायला सांगितलं. त्यावर वर्ध्याला काँग्रेसची वर्किंग कमिटी बसली, खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. फाळणीचा, निर्वासितांचा, घबाडाचा काही संबंध नव्हता. तरी हेच झालं. मग तुमचं घबाडाचं सूत्र गेलं ना बाराच्या भावात?

खडकवासला एक्सप्रेस

+१ ठेचाभाऊ. घबाड नसलं तरी माणसं भांडतात. खुर्ची पुरे.

दप्तरबंद

ठेचाभाऊ, दंडवत. भांडायला घबाड लागतंच असं मी म्हणत नाही, आणि तुमचं उदाहरण माझ्या दुसऱ्या मुद्द्याला नेमकं लागू पडतं. तो मूळ लेखात मी गाळला होता, लांबण नको म्हणून.

१९३८ ला एक पायंडा पडला की मुख्यमंत्री आमदारांना नाही, हायकमांडला जबाबदार. विधिमंडळ पक्ष काय म्हणतो यापेक्षा काँग्रेसचं केंद्रीय पार्लमेंटरी बोर्ड काय म्हणतं ते महत्त्वाचं. १९५१ मध्ये भार्गवांचं तेच झालं. विधिमंडळ पक्षात बहुमत त्यांच्या मागे होतं. पण त्यांचा आधार सरदार पटेल, आणि सरदार गेले १५ डिसेंबर १९५० ला. नेहरूंना सच्चर जवळचे. सहा महिन्यांत पार्लमेंटरी बोर्डाने भार्गवांना राजीनामा द्यायला सांगितलं, त्यांनी तो दिला. आता बहुमत ज्यांच्याकडे ते सरकार करणार नाहीत, आणि बाकीच्यांकडे बहुमत नाही. मग कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट. राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

आणि हे कलम आलं कुठून? १९३५ च्या कायद्यात कलम ९३ होतं, गव्हर्नरने प्रांताचा कारभार हातात घ्यायचं. स्वातंत्र्याच्या वेळी ते दोन्ही देशांनी काढून टाकलं. पाकिस्तानात जिनांनी जुलै १९४८ मध्ये ते ९२-अ म्हणून परत घातलं, आणि सहा महिन्यांत ममदोतांवर चाललं. आपल्याकडे घटना समितीने ते ३५६ म्हणून घेतलं. दोन्हीकडे त्याच्या तोंडी आपल्याच पक्षाचं सरकार गेलं.

चिंचबन

पण इथे फरक करायला हवा. लाहोरात विधानसभाही मोडली आणि निवडणूक व्हायला मार्च १९५१ उजाडला. सव्वादोन वर्षं गव्हर्नरचं राज्य. आपल्या पंजाबात दहा महिन्यांत निवडणूक होऊन एप्रिल १९५२ मध्ये निवडलेलं सरकार बसलं. दोन्हीला एकाच मापाने मोजू नका.

दप्तरबंद

हे शंभर टक्के मान्य. त्यात एक बारकावा असा की मार्च १९५१ ची पश्चिम पंजाबची निवडणूक प्रौढ मतदानाची होती, म्हणजे आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधीची. तीत लीग जिंकली आणि दौलताना अखेर मुख्यमंत्री झाले, तीन वर्षांपूर्वी नाकारलेल्या खुर्चीवर, पण आता आमदार स्वतःच्या खिशात. पुरली मात्र दोन वर्षंच. १९५३ ची अहमदियाविरोधी दंगल, ६ मार्चला लाहोरात मार्शल लॉ, आणि त्याच महिन्यात राजीनामा. ते आंदोलन दौलतानांनी केंद्राच्या अंगावर ढकललं असं न्या. मुनीर यांच्या चौकशी अहवालातून दिसतं. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

मोहोळ_तात्या

शिखांचं काय? तुमच्या शिमल्याच्या गोष्टीत सगळे लालाजीच दिसतायत.

दप्तरबंद

तात्या, पकडलंत. खरी किल्ली तिथेच होती. मार्च १९४८ मध्ये अकाली दल या शिखांच्या पक्षाचे आमदार काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षात सामील झाले. त्यांच्यात ज्ञानी कर्तारसिंग म्हणजे बुद्धिबळातला घोडा. भार्गव आणि सच्चर या दोन हिंदू पुढाऱ्यांचे गट जवळपास तोडीस तोड, त्यामुळे पारडं इकडचं तिकडे करायची ताकद या आमदारांकडे. १ ऑक्टोबर १९४९ चा 'सच्चर फॉर्म्युला' या पार्श्वभूमीवर वाचा. पंजाबचे पंजाबी आणि हिंदी असे दोन भाषिक विभाग करायचे आणि शाळेत मुलाने दुसरीही भाषा शिकायची, असा तोडगा. त्यावर सह्या सच्चर आणि भार्गव दोघांच्याही, शिवाय उज्जलसिंग आणि ज्ञानी कर्तारसिंग यांच्या. तोडग्यावर सही करणारे चौघे एकत्र, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला सच्चर जाऊन भार्गव परत! पंजाबी सुभ्याच्या, म्हणजे पंजाबी भाषिक राज्याच्या, पुढच्या सगळ्या आंदोलनाची बीजं या काळात आहेत.

याच सगळ्या काळात एक शीख काँग्रेसवाला शांतपणे संघटना बांधत होता, प्रतापसिंग कैरों. भार्गवांकडे पुनर्वसन मंत्री, मग प्रदेशाध्यक्ष, मग सच्चरांच्या सरकारात मंत्री. जुलै १९५५ मध्ये पोलीस सुवर्णमंदिराच्या आवारात शिरले, सच्चरांना त्याची माफी मागावी लागली, आणि जानेवारी १९५६ मध्ये कैरों मुख्यमंत्री. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं फावलं ते आठ वर्षं.

उसंत

अवांतर: नथुराम गोडसेचं अपील याच पूर्व पंजाबच्या हायकोर्टात चाललं होतं ना? शिमल्यात?

दप्तरबंद

हो. मे-जून १९४९, शिमल्यात, पीटरहॉफ या इमारतीत. म्हणजे सच्चरांच्या सहा महिन्यांच्या राजवटीत. फाशी अंबाल्याला, १५ नोव्हेंबरला, तोवर भार्गव परत आले होते. तिघा न्यायाधीशांपैकी एक गो. दा. खोसला. फाळणीच्या हिंसाचाराचा वृत्तान्त लिहिणारे तेच, आणि तात्यांनी वर सांगितलेलं मुडीचं पत्र त्यातच छापलं आहे. (गोडसेवर चर्चा इथे नको, संपादक मंडळ धागा कुलूपबंद करेल.)

वऱ्हाडी ठेचा

मराठी माणसाचा आणखी एक धागा सांगू? कैरोंच्या ऐन भरात, १९५८ ते १९६२, चंदीगडच्या राजभवनात आपले काकासाहेब गाडगीळ होते. त्याआधी नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा भाक्रा-नांगल त्यांच्याच खात्याखाली. पुण्याचा माणूस पंजाबच्या पाण्यात चांगलाच उतरला होता.

खडकवासला एक्सप्रेस

या भार्गव-सच्चरांचं पुढे काय झालं? का दोघेही अडगळीत?

दप्तरबंद

सच्चर आधी ओरिसाचे आणि मग आंध्रचे राज्यपाल झाले. आणीबाणीत १९७५ साली, वयाच्या ऐंशीत, इंदिरा गांधींना विरोधाचं पत्र लिहिलं म्हणून तुरुंगात गेले. १९४६ ला फाळणीपूर्व पंजाबच्या खिज्र हयात सरकारात अर्थमंत्री, ऑगस्ट १९४७ मध्ये कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीत बसून झेंड्याच्या ठरावावर बोललेला हा माणूस. सच्चर समितीवाले न्या. राजिंदर सच्चर त्यांचेच चिरंजीव.

भार्गवांना मात्र एक संधी आणखी मिळाली. कैरोंवरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या दास आयोगाच्या अहवालानंतर जून १९६४ मध्ये त्यांना जावं लागलं. नवा नेता ठरेपर्यंत गाडा हाकायला कोणीतरी हवं होतं, कोणालाच धोका न वाटणारं. २१ जून ते ६ जुलै, पंधरा-सोळा दिवस, डॉ. गोपीचंद भार्गव तिसऱ्यांदा मुख्यमंत्री.

मोहोळ_तात्या

आणि सिंध राहिलाच की! तिथे मुख्यमंत्री खुहरोंना जिनांनी एप्रिल १९४८ मध्येच घरी बसवलं होतं, लाहोरच्याही आधी. कराची सिंधपासून तोडायला त्यांचा विरोध होता. तेही तुमच्या सूत्रात बसवून दाखवा.

दप्तरबंद

बसत नाही तात्या. खुहरोंचं भांडण आधी केंद्राशी, मग घरात. त्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा, मी प्रतिसादांत येतो.